१२ इंचीच्या जोडीला १० इंची: दोन मापांचे सबवूफर एकाच गाडीत बसवताना

डिकीत १२ इंची सबवूफर (फक्त खालचे सूर, म्हणजे बास वाजवणारा स्पीकर; पुढे नुसतं ‘सब’) आधीपासून होता. बास अजून हवा होता, पण दुसऱ्या १२ इंचीची पेटी मावेल एवढी जागा उरली नव्हती. उरलेल्या कोपऱ्यात १० इंचीच बसणार होता. दोन मापांचे सब एकत्र लावू नयेत, असं जो तो सांगतो. का लावू नयेत, हे विचारलं की उत्तरं पांगतात. काम आता पुरं झालंय, जोडी एकदिलाने वाजतेय, तेव्हा कुठे काय मोजलं, कुठे थांबावं लागलं आणि कुठे नुसत्या ऐकीव गोष्टींमुळे भीती वाटत होती, ते क्रमाने लिहून ठेवतो.

आधी एक स्पष्ट करतो. दोन्ही सब नवे घ्यायचे असतील तर एकसारखेच घ्या. पेटीचं गणित एकदाच करावं लागतं, बहुतेक वेळा एकच अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) पुरतो आणि मोजमापाची कटकट फार उरत नाही. मापं मिसळायला अर्थ आहे तो एक सब हातात असेल आणि तो काढून टाकायचा नसेल, किंवा जागाच तशी वाकडीतिकडी असेल तेव्हा. ‘लहान सब ठोक्याला, मोठा घुमण्याला’ या हौसेपोटी मुद्दाम दोन मापं घेण्यात काही हशील नाही.

कारण लहान कोन (स्पीकरचा पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा) चपळ आणि मोठा सुस्त, हा समजच खरा नाही. ५० हर्ट्झचा सूर दिला की ८ इंची असो वा १५ इंची, कोन सेकंदाला ५० वेळाच हलणार. बास घट्ट वाटतो की सैल, हे पेटीने कोनाला किती आवरून धरलंय त्यावर, कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) इंडक्टन्सवर, म्हणजे वरच्या सुरांना ती किती अडवते त्यावर, क्रॉसओव्हरवर (कुठले सूर कुठल्या स्पीकरला जातील ते ठरवणाऱ्या फिल्टरवर) आणि गाडीच्या केबिनवर ठरतं. कोनाच्या व्यासाचा त्यात थेट हात नाही. मापं मिसळताना खरी अडचण येते ती फेजची, म्हणजे दोघांच्या लहरींची वेळ जुळण्याची. दोघांनी एकाच झोक्याला धक्का द्यायचा तर वेळ एक साधावी लागते. एकाने झोका परत येत असताना धक्का दिला तर जोर असूनही झोका मंदावतो.

आकड्यांत सांगायचं तर सारख्याच जोराचे दोन सब अगदी एका फेजमध्ये असतील तर एकट्या सबपेक्षा ६ डेसिबल जास्त मिळतात. फेजमध्ये ९० अंशांचा फरक पडला की ३ डेसिबल. १२० अंशांवर भर शून्य, म्हणजे दुसरा सब, त्याचा अ‍ॅम्प, त्याची पेटी सगळं डिकीत बसून वीज खातंय आणि आवाज एकट्याचाच. त्यापुढे तर असलेलाही आवाज कमी होतो. पुढची सगळी खटपट हा फरक ३० ते ८० हर्ट्झमध्ये लहान ठेवण्यासाठी होती.

काही विकत घेण्याआधी कागदावर एक हिशेब केला: १० इंचीने मिळणार किती? खालच्या बासमध्ये कमाल आवाज ठरतो तो कोन किती हवा ढकलतो त्यावर. कोनाचं परिणामी क्षेत्रफळ गुणिले एका दिशेची कमाल हालचाल. हातातल्या १२ इंचीचं क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर आणि हालचाल १२ मिलिमीटर, म्हणजे ६०० घन सेंटिमीटर हवा. ज्या १० इंचीवर नजर होती त्याचं ३४० चौरस सेंटिमीटर आणि १० मिलिमीटर, म्हणजे ३४० घन सेंटिमीटर. दोन्ही मिळून ९४०. सहाशेचे नऊशे चाळीस झाले की वाढ होते ३.९ डेसिबल, तीही फेज पूर्ण जुळली तर. दुसरा १२ इंची लावला असता तर ६ मिळाले असते. ३.९ डेसिबल कानाला चांगले जाणवतात, पण बास ‘दुप्पट’ होईल या आशेने कोणी हे करू नये. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळली, ती पुढे फार उपयोगी पडली. दोघांच्या क्षमतेत ४.९ डेसिबलचं अंतर आहे. दोघांना सारख्याच आवाजात वाजवलं तर १० इंचीची हालचाल संपेल तेव्हा १२ इंचीकडे जवळपास ५ डेसिबल शिल्लक असतील आणि ते कधीच वापरता येणार नाहीत. म्हणजे लहान सब साधारण ५ डेसिबल खाली ठेवूनच जोडी लावायची.

मग दोन्ही सबचे कागद समोर ठेवले. लागतात ते तीन आकडे: एफएस, म्हणजे मोकळ्या हवेतली रेझोनन्स (ज्या वारंवारतेला कोन सगळ्यात सहज डोलतो ती); क्यूटीएस, म्हणजे ते डोलणं किती आवरलेलं आहे त्याचा आकडा; आणि व्हीएएस, म्हणजे कोनाला धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनएवढीच लवचीक हवा, लिटरमध्ये. नव्या सबचे आकडे त्याच्या कागदावर मिळतात. जुना सब वाजून वाजून सैल झालेला असतो, त्याची एफएस कागदापेक्षा सहसा खाली आलेली असते, म्हणून तो पेटीतून काढून मोजला. यासाठी वेगळं यंत्र लागतंच असं नाही. साउंड कार्ड, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर इम्पिडन्सचा (बदलत्या विजेला होणाऱ्या रोधाचा) आलेख निघतो. व्हीएएस काढायला कोनावर माहीत असलेलं वजन चिकटवून दुसऱ्यांदा मोजावं लागतं. आलेखातला उंच सुळका जिथे येतो ती एफएस. १२ इंचीचे आकडे निघाले: एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ६० लिटर. १० इंचीचे कागदावर होते ३२ हर्ट्झ, ०.५० आणि २५ लिटर.

बंद पेटीचं गणित सोपं आहे. व्हीएएसला पेटीच्या निव्वळ लिटरने भागायचं, त्यात १ मिळवायचा, वर्गमूळ काढायचं. त्या आकड्याने एफएसला गुणलं की पेटीतली रेझोनन्स, क्यूटीएसला गुणलं की क्यूटीसी, म्हणजे पेटीतला तोच आकडा. जुनी पेटी निव्वळ ३० लिटरची. साठ भागिले तीस म्हणजे २, अधिक १ म्हणजे ३, वर्गमूळ १.७३. त्यावरून रेझोनन्स ४८.५ हर्ट्झ, क्यूटीसी ०.७८. आता १० इंचीसाठी अशी पेटी शोधायची की हे दोन्ही आकडे जवळ यावेत. १२ लिटर धरले तर ५६ हर्ट्झ आणि ०.८८. २५ लिटर धरले तर ४५ आणि ०.७१. १८ लिटरवर आलं ४९.५ हर्ट्झ आणि ०.७७. यापेक्षा जवळची जुळणी मागणं लोभीपणाच होईल.

इथे खरं ते सांगायला हवं. दोन्ही पेट्या बंद असतील तर एवढी अचूक जुळणी नसतानाही फारसं बिघडत नाही. १२ लिटरची पेटी केली असती तरी ५० हर्ट्झला फेजचा फरक १४-१५ अंशच झाला असता, आणि त्याने भर नावापुरती घटते. बंद पेट्यांची जोडी सोशिक असते. घात होतो तो एक पेटी बंद आणि दुसरी पोर्टवाली (हवा जायला नळी असलेली) असली की. पोर्टवाल्या पेटीत ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या वारंवारतेसाठी मापलाय तिच्या) आसपास आवाज पोर्टमधून येऊ लागतो आणि त्याची फेज झपाट्याने फिरते. ३५ हर्ट्झला ट्यून केलेली नेहमीची पोर्ट पेटी आणि वरची बंद पेटी घेतली तर ५० हर्ट्झला फरक ३० अंशांच्या आत, ३५ ला साठाच्या थोडा पुढे, २५ ला शंभराच्या पार आणि २० हर्ट्झला १२० अंश. म्हणजे जिथे जास्त बास हवा म्हणून पोर्ट लावला, नेमका तिथे बंद पेटीवाला सब त्याला खाली खेचतो. १० इंचीला पोर्ट लावायचा मोह होता. या आकड्यांनी तो सोडवला.

दोन्ही सब एकाच पेटीत, मधे फळी न लावता बसवण्याचा विचार तर करूच नका. हवा सामाईक झाली की ताकदवान कोन दुसऱ्याला आतून ढकलतो, आणि एखाद्याची कॉइल जळाली तर दुसऱ्याला अचानक कितीतरी मोठी पेटी मिळते आणि त्याचाही कोन मर्यादेबाहेर जातो. एकच बाहेरची पेटी करायची तर मधली फळी पूर्ण हवाबंद हवी. इथे डिकीचा आकार पाहता वेगळी पेटीच सोयीची होती.

नव्या पेटीसाठी १८ मिलिमीटरचं एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुश्याची फळी). निव्वळ १८ लिटर हवेत, त्यात सबचा चुंबक आणि सांगाडा दीड लिटर खातो, आतला आडवा आधार अर्धा लिटर. म्हणजे आतलं एकूण माप २० लिटर: ३२ बाय ३२ बाय १९.५ सेंटिमीटर. बाहेरून प्रत्येक मापात ३.६ सेंटिमीटर वाढतात, हे डिकीत मोजताना धरायला हवं. खोली ठरवताना सबची माउंटिंग डेप्थ बघा आणि चुंबकामागे किमान अडीच सेंटिमीटर मोकळे सोडा. मागच्या छिद्रातून हवा खेळली नाही तर फसफस ऐकू येते आणि कॉइल तापते. भोकाचा व्यास सबच्या कागदावरूनच घ्या. १० इंची म्हणून २५ सेंटिमीटरचं भोक पाडलं तर स्क्रूला लाकूडच उरत नाही.

फळ्या शनिवारी पांढऱ्या लाकडी गोंदाने आणि स्क्रूने जोडल्या, आतून सगळ्या कडांना सिलिकॉन सीलंट भरला, आणि मग थांबणं आलं. हे थांबणं चुकवू नका. गोंदाला पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. सिलिकॉनचा आंबट वास येतो तोवर त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची वाफ निघत असते, आणि बंद पेटीत ती सबच्या चिकटवलेल्या सांध्यांना आणि धातूला बरी नाही. वास पूर्ण गेल्यावरच सब बसवला. गळती तपासायची सोपी रीत: कोन दोन्ही तळव्यांनी मध्याभोवती हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. पेटी बंद असेल तर तो सावकाश परत येतो. झटकन आला तर कुठून तरी हवा जातेय. बहुधा वायर बाहेर काढायच्या टर्मिनलच्या कडेने. पेटीत थोडा पॉलिएस्टरचा कापूस भरला. त्याने पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते, आणि क्यूटीसी किंचित खाली आणायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे. मात्र चुंबकाच्या छिद्राजवळ कापूस नको.

विजेच्या बाजूला पहिला प्रश्न होता: आहे त्याच मोनोब्लॉकवर (एका चॅनेलच्या अ‍ॅम्पवर) दुसरा सब जोडायचा का? उत्तर नाही असं आलं, आणि वेगळ्या मापांच्या जोडीत ते जवळपास नेहमी नाहीच असतं. समजा एक सब २ ओहमचा आणि एक ४ ओहमचा समांतर जोडला. अ‍ॅम्पला भार दिसेल १.३३ ओहम, जो बरेच अ‍ॅम्प झेपवत नाहीत आणि प्रोटेक्टमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतात. झेपवला तरी २ ओहमवाल्याला दुप्पट पॉवर जाणार, तुम्हाला हवी तशी नाही. मालिकेत जोडणं त्याहून वाईट. सबचं इम्पिडन्स दर हर्ट्झला बदलतं, रेझोनन्सपाशी ४ ओहमचं कित्येक पट होतं, आणि दोघांची वळणं वेगळी असली की व्होल्टेजची वाटणी प्रत्येक सुरावर निराळी होते. एकाच सबच्या दोन कॉइल मालिकेत जोडा, त्यात काही वावगं नाही. दोन वेगळे सब कधीही नको.

म्हणून १० इंचीला स्वतंत्र मोनोब्लॉक घेतला. १२ इंचीच्या २-२ ओहमच्या दोन कॉइल मालिकेत, भार ४ ओहम, ४०० वॉट. १० इंची एका ४ ओहम कॉइलचा, २५० वॉट. मापं मिसळण्याचा खरा खर्च इथे येतो: जास्तीचा अ‍ॅम्प, त्याची वायर आणि फ्यूज, प्रत्येक सबला वेगळं आउटपुट देणारा डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा डबा), आणि मोजायला माइक. दोन एकसारखे सब घेतले असते तर यातलं बरंचसं लागलं नसतं. जुना सब वाचवून वाचलेले पैसे इकडे जातात, हे आधीच धरून चाला.

पॉवर वायरचा हिशेब: ६५० वॉट, क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून सुमारे ८१० वॉट, १३.८ व्होल्टला ५९ अँपिअर. जुनी ८ गेजची वायर (गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड) एकट्या १२ इंचीच्या ३६ अँपिअरना ठीक होती, दोघांना नाही. शुद्ध तांब्याची ४ गेज टाकली. पाच मीटर लांबीत पूर्ण भाराला तिच्यात साधारण ०.२५ व्होल्ट पडतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरा दिसायला जाड असतात, पण तेवढ्याच जाडीत रोध जास्त, त्यामुळे तसली घ्यायची तर एक माप वरची घ्या. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ६० अँपिअरचा मुख्य फ्यूज, डिकीत वाटणी ब्लॉकवर ४० आणि ३० चे. मुख्य फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो: वाटेत कुठे वायर घासून बॉडीला लागली तर आग लागू नये म्हणून. दोन्ही अ‍ॅम्पची अर्थिंग एकाच बोल्टवर, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, वायर अर्ध्या मीटरच्या आत. वेगवेगळ्या जागी अर्थ दिला की इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू यायची शक्यता वाढते.

कामाआधी बॅटरीची ऋण बाजू काढा. काही गाड्यांत त्यामुळे स्टिरिओ कोड मागतो किंवा काचांचं ऑटो बंद होणं पुन्हा शिकवावं लागतं, म्हणून गाडीचं मॅन्युअल जवळ ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेस कापण्याऐवजी अडॅप्टर हार्नेस लावा, आणि फ्यूज, वायरचा मार्ग, अर्थिंगची जागा यांचे फोटो बिलांसोबत ठेवा. उद्या विजेचा काही दोष निघाला आणि बोट या कामाकडे दाखवलं गेलं तर तेच कामी येतात.

गेन लावणं हे आवाज वाढवणं नव्हे. अ‍ॅम्पची कमाल स्वच्छ पातळी हेड युनिटशी (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओशी) जुळवणं आहे. सबच्या वायरा काढल्या, बास बूस्ट शून्यावर, सगळे इक्यू (सूर कमी-जास्त करणारे इक्वलायझर) सपाट, हेड युनिट कमाल आवाजाच्या पाऊण भागावर, आणि ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा, म्हणजे फाइलच्या कमाल पातळीचा, टोन. मल्टिमीटर एसीवर ठेवून अ‍ॅम्पच्या टर्मिनलला लावायचा. लागणारं व्होल्टेज म्हणजे वॉट गुणिले ओहम यांचं वर्गमूळ: ४०० वॉट आणि ४ ओहमला ४० व्होल्ट, २५० आणि ४ ला ३१.६. तिथे येईपर्यंत गेन हळूहळू फिरवायचा आणि हात काढायचा. पाऊण आवाजावर हेड युनिट स्वतःच क्लिप करतंय (लहरीचे माथे कापतंय) अशी शंका असेल तर ऑसिलोस्कोपने पाहिलेलं बरं, कारण मल्टिमीटरला चपटा झालेला माथा दिसत नाही. १० इंचीला २ डेसिबल कमी पॉवर आणि त्याची संवेदनशीलताही २ डेसिबल कमी, म्हणजे तो आपोआप ४ डेसिबल खाली बसला. उरलेला १ डेसिबल डीएसपीत कमी केला.

फिल्टरांबद्दल थोडं विस्ताराने, कारण सुस्थितीतल्या जोड्या इथे बिघडतात. जुन्या अ‍ॅम्पचा लो-पास (ठरलेल्या वारंवारतेवरचे सूर कापणारा फिल्टर) १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह, म्हणजे वारंवारता दुप्पट होताना १२ डेसिबल कापणारा, आणि नव्याचा २४. दोन्ही ८० हर्ट्झवर ठेवले की बटणं सारखी दिसतात, पण ८० हर्ट्झला दोघांच्या फेजमध्ये ९० अंशांचा फरक पडलेला असतो. म्हणून दोन्ही अ‍ॅम्पचे अंतर्गत फिल्टर पूर्ण बंद केले आणि लो-पास व सबसॉनिक (अगदी तळाचे सूर कापणारा) डीएसपीतच, दोघांना अगदी सारखे दिले. दुसरा सापळा म्हणजे लहान सबला वाचवण्यासाठी फक्त त्यालाच हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावणं. सल्ला शहाणपणाचा वाटतो. पण ४० हर्ट्झचा २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली प्रकारचा हाय-पास ४० ला फेज १८० अंश फिरवतो, ५० ला १४५, आणि थेट ८० हर्ट्झलाही ८७. ज्या पट्ट्यात दोघांनी मिळून काम करायचं, तिथेच ते भांडू लागतात. लहान सबला वाचवायचं तर त्याची पातळी कमी ठेवा. सबसॉनिक लावायचा तर दोघांनाही एकच. इथे दोघांना २४ हर्ट्झ आहे.

मग पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण बाजू सुलट आहेत का. दीड व्होल्टच्या सेलची धन बाजू सबच्या धन टर्मिनलला क्षणभर लावली की कोन बाहेर यायला हवा. वायरा अ‍ॅम्पच्या टोकाला सोडवून तिथून सेल लावला की अख्खी वायर तपासली जाते. दोन्ही कोन बाहेर आले. तरीही पहिल्या मोजणीत जोडीचा आवाज ५० हर्ट्झला एकट्या १२ इंचीपेक्षा ७ डेसिबल खाली होता. ५ डेसिबल खाली असलेला सब उलट फेजमध्ये वाजला तर गणिताने साधारण तेवढेच कमी व्हायला हवेत, म्हणजे दोष कुठे शोधायचा ते आकड्यानेच सांगितलं: वायरा बरोबर होत्या, नवा अ‍ॅम्प आतूनच सिग्नल उलटवत होता. असे अ‍ॅम्प असतात आणि ते सदोष नसतात. डीएसपीत त्या आउटपुटची पोलॅरिटी उलटी केली आणि प्रश्न मिटला. दोन वेगळ्या अ‍ॅम्पवर चालणाऱ्या जोडीत सेलची चाचणी पुरेशी नाही, ती याचसाठी.

मोजणी अशी: युमिक-१ सारखा कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी, काचा बंद, सीट रोजच्या जागी, आणि गाडीत कोणी नाही. आरईडब्ल्यूमध्ये १० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर). यूएसबी माइकला वेळेचा संदर्भ हवा म्हणून अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू ठेवला. त्यासाठी एक ट्वीटर (उंच सुरांचा स्पीकर) जोडलेला लागतो. तो नसेल तर फेजच्या आलेखांची तुलना निरर्थक होते. आधी एकटा १२ इंची, मग एकटा १० इंची, मग दोन्ही. तिन्ही आलेख एकावर एक ठेवायचे आणि एवढंच बघायचं: जोडीची रेघ मोठ्या सबच्या रेघेपासून किती वर आहे. जिथे ती खाली जाते तिथे फेज चुकलीय. एकट्या सबचा आलेख सुंदर दिसतो की नाही, हे या टप्प्यावर बघूच नये.

पोलॅरिटी सुधारल्यावर ३० ते ५० हर्ट्झमध्ये भर ३.७-३.८ डेसिबल आली, कागदावरच्या ३.९ च्या जवळ. ७५ हर्ट्झपाशी मात्र ती ३.२ वर घसरली होती. कारणं दोन. १० इंची माइकला ३० सेंटिमीटर जवळ आहे, म्हणजे त्याचा आवाज ०.८७ मिलिसेकंद आधी पोचतो. ७५ हर्ट्झला ते २४ अंश. आणि १२ इंचीच्या मालिकेतल्या दोन कॉइलचा इंडक्टन्स जास्त, तो वरच्या सुरांना आणखी मागे ओढतो. १० इंचीला १.६ मिलिसेकंद डिले (उशीर) दिला आणि वरचा भाग भरून आला, खालचा जवळजवळ हललाच नाही. खरं तर एवढा फरक गाणं ऐकताना कोणाच्या लक्षात येणार नाही. पण एक सब सीटखाली आणि दुसरा डिकीत असेल तर हेच अंतर दोन मीटर होतं, ५.८ मिलिसेकंद, ६० हर्ट्झला १२६ अंश, आणि तिथे डिले नसेल तर दुसरा सब लावून काहीच मिळत नाही.

माइक नसेल तर? ४०, ५० आणि ६३ हर्ट्झचे टोन वाजवा, एका सबच्या वायरा उलटवा, जास्त आवाज येतो ती जोडणी ठेवा. फोनच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपचा खालच्या सुरांतला आकडा खरा नसतो, पण एकाच सुरावर आधी-नंतरची तुलना करायला तो चालतो. डिले मात्र असा अंदाजाने लावणं वेळखाऊ आहे.

दोन्ही सब एकमेकांशी जुळल्यावर त्यांना डीएसपीत एका गटात बांधलं. इथून पुढे पुढच्या स्पीकरांशी जुळवताना डिले, पातळी आणि इक्यू फक्त गटाला. एकट्या सबला इक्यू दिला की त्याची फेज फिरते आणि आधीची सगळी मेहनत ढिली पडते. इक्यू फार लागलाही नाही. लहान केबिनमध्ये साधारण ६० हर्ट्झच्या खाली बास आपोआप वाढत जातो, आणि बंद पेटी तिथे जवळपास तेवढ्याच उताराने खाली येते, त्यामुळे दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. ४२ हर्ट्झपाशी एक उंचवटा होता, तो गटावर ३ डेसिबलने उतरवला. खड्डे भरायला जाऊ नका. केबिनमुळे पडलेला खड्डा बूस्ट देऊन भरत नाही, फक्त कोनाची हालचाल वाढते.

आवाजाची मर्यादा ठरवताना ३० हर्ट्झचा टोन अगदी थोडा वेळ देऊन १० इंचीकडे कान ठेवला. टकटक किंवा खरखर ऐकू आली की कोन टोकाला पोचलाय. त्याच्या ३ डेसिबल खाली डीएसपीचा लिमिटर (आवाज त्यापुढे जाऊ न देणारा). जळका वास आला तर टोन तिथेच बंद करा आणि अ‍ॅम्प क्लिप होतोय का ते बघा.

दोन आठवडे वाजवल्यावर सबचे स्क्रू पुन्हा तपासले. एमडीएफ दबतं आणि स्क्रू सैल होतात, ते एक-एक समोरासमोरचा असे आवळायचे, एका बाजूने ओळीने नाही. टी-नट (लाकडात बसवायचे धातूचे नट) लावले असते तर हे काम कमी झालं असतं. नंबरप्लेट आणि डिकीच्या झाकणाचं प्लास्टिक ५५ हर्ट्झच्या आसपास खडखडत होतं. ब्यूटिल शीट आणि फोमची पट्टी लावून ते थांबलं. नव्या सबचं सस्पेन्शन आणखी काही महिने मोकळं होत जाईल, म्हणून तिन्ही स्वीपच्या फाइल आणि डीएसपीची सेटिंग तारखेसह जपून ठेवली आहेत. त्यानंतर त्याच जागी माइक ठेवून १० इंचीचा डिले पुन्हा बघायचा आहे.